सल्लागार कोणाचा? सिडनी ऑपेरा हाउसच्या इतिहासातील एक प्रश्न

सिडनी ऑपेरा हाउसविषयी लिहिताना बहुतेक लेखक एक परिचित कथा सांगतात. एक प्रतिभावंत वास्तुशिल्पी, त्याला समजून न घेणारे सरकार, आणि अखेरीस अपुऱ्या राहिलेल्या आपल्या निर्मितीकडे पाठ फिरवून निघून जाणारा कलावंत. साहित्याच्या वाचकांना ही कथा चटकन भावते, कारण उपेक्षित कलावंताची प्रतिमा आपल्या मनात आधीपासूनच घर करून असते. आम्हांलाही ती बराच काळ पुरेशी वाटत होती. परंतु या कथेत आणखी एक पात्र आहे आणि त्याच्याकडे लक्ष गेले की कथेचा तोल बदलतो. ते पात्र म्हणजे लंडनची 'ओव्ह अरूप अँड पार्टनर्स' ही सल्लागार अभियंत्यांची संस्था. वास्तुशिल्पी डेन्मार्कमध्ये, सल्लागार इंग्लंडमध्ये आणि ग्राहक ऑस्ट्रेलियात, अशा त्रिस्थळी कारभारात जे वैताग आणि गैरसमज निर्माण झाले, त्यांचे मूळ व्यक्तींच्या स्वभावापेक्षा त्यांच्यातील नात्याच्या रचनेत होते, असे आमचे मत आहे.

न्यू साउथ वेल्स सरकारने घेतलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २३३ प्रवेशिका आल्या होत्या. जानेवारी १९५७ मध्ये निकाल लागला आणि ३८ वर्षांच्या यॉर्न उट्झॉन यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यांनी पाठविलेली चित्रे म्हणजे आराखड्यापेक्षा कल्पना अधिक होती. बंदराच्या पाण्यावर शिडांसारखी उभी राहिलेली ती छपरे बांधायची कशी, याचे उत्तर त्या कागदांवर नव्हते. हे उत्तर शोधण्यासाठी ओव्ह अरूप पुढे आले. अरूप यांचा जन्म १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये झाला असला तरी त्यांचे वडील डॅनिश आणि आई नॉर्वेजियन होती. कोपनहेगन येथे त्यांनी आधी तत्त्वज्ञान आणि मग अभियांत्रिकीचा अभ्यास केला होता. दोघांची भाषा एक, वास्तुकलेविषयीची आस्थाही एक. अशा जोडीत बेबनाव होईल असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल.

मात्र दोन गोष्टी आरंभीच चुकीच्या बसल्या. पहिली घाई. प्रीमियर जोसेफ काहिल यांना निवडणुकीपूर्वी काम सुरू झालेले हवे होते. त्यामुळे छपराची रचना ठरण्याआधीच मार्च १९५९ मध्ये जोत्याचे बांधकाम सुरू झाले. काहिल त्याच वर्षी वारले, पण घाईची किंमत पुढे मोजावी लागली. छपराचे खरे वजन कळल्यावर आधी उभारलेले खांब अपुरे ठरले आणि ते फोडून नव्याने बांधावे लागले. दुसरी गोष्ट कराराची. अरूप यांची संस्था उट्झॉन यांच्या हाताखाली नव्हती. तिचा करार थेट ग्राहकाशी होता. कल्पना एकाची, देयके दुसऱ्याकडे, आणि सल्ला दोघांनाही, अशी ही व्यवस्था होती. काम सुरळीत चालले होते तोवर हा भेद कोणाला जाणवला नाही.

छपराच्या भूमितीवर १९५७ पासून चार वर्षे गेली. आधी परवलय, मग लंबगोल, अशी अनेक रूपे तपासली गेली. प्रतिकृतींवर चाचण्या झाल्या आणि गणितासाठी त्या काळी नवलाईचा असलेला संगणकही वापरला गेला. प्रत्येक रूपाबरोबर जुने हिशेब रद्द होत आणि नव्याने मांडावे लागत. अभियंत्यांच्या बाजूने पाहिले तर वर्षानुवर्षांची मेहनत पुन्हा पुन्हा पुसली जात होती. उट्झॉन यांच्या बाजूने पाहिले तर आपल्या मनातील आकाराशी प्रामाणिक असा मार्ग अजून कोणी दाखवीत नव्हते. अखेर १९६१ मध्ये सर्व पाकळ्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायच्या असे ठरले. त्या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर होती. वक्रता सर्वत्र सारखी असल्यामुळे छपराचे तुकडे कारखान्याप्रमाणे साच्यांतून ओतता आले आणि अशक्य वाटणारी गोष्ट शक्य झाली. या निर्णयात पातळ कवचाऐवजी काँक्रीटच्या फासळ्यांची रचना स्वीकारली गेली. इतकी वर्षे कवचाचे गणित सांभाळणारे अरूप यांचे ज्येष्ठ भागीदार रोनल्ड जेनकिन्स या वळणावर कामातून बाजूला झाले. त्यांची जागा जॅक झुंझ यांनी घेतली.

गोलाची कल्पना कोणाची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. उट्झॉन यांच्या कथनात ती त्यांना सुचलेली कल्पना आहे. अभियंत्यांच्या कथनात ती दीर्घकाळ एकत्र केलेल्या शोधाचे फळ आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा वाद ओळखीचा वाटेल. नाटककाराची संहिता आणि दिग्दर्शकाचा प्रयोग यांत नाटक कोणाचे, हा आपलाही जुनाच प्रश्न आहे. मात्र नाटकात संहिता छापून स्वतंत्र राहते. वास्तूत संहिता आणि प्रयोग एकाच काँक्रीटमध्ये गोठतात आणि मग त्यांना वेगळे करणे कोणालाच जमत नाही.

१९६३ मध्ये उट्झॉन सिडनीला राहावयास गेले. ग्राहक जवळ आला, पण लंडनचे सल्लागार पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहिले. जे पूर्वी टेबलाशी बसून बोलता येत होते, ते आता पत्रांतून आणि सल्लागारांच्या सिडनीतील प्रतिनिधींमार्फत बोलावे लागले. अशा पत्रांचा एक गुण आम्हांला लक्षणीय वाटतो. नाते चांगले असते तेव्हा पत्र समजावण्यासाठी लिहिले जाते. नाते ताणले की ते नोंद राहावी म्हणून लिहिले जाते. उद्या वाद झालाच तर आपली बाजू कागदावर असावी, या धोरणाने लिहिलेल्या मजकुरात वाक्ये स्पष्ट असतात, पण माणूस हरवतो. अशा कागदांवरून इतिहास लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवले पाहिजे की हा मजकूर त्याच्यासाठीच, म्हणजे भावी निवाडा करणाऱ्यासाठी, रचलेला असतो.

मे १९६५ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला आणि सार्वजनिक बांधकामाचे खाते डेव्हिस ह्यूज यांच्याकडे आले. खर्चाने सर्व अंदाज ओलांडले होते. ह्यूज यांनी देयके रोखून धरली. नाट्यगृहांच्या आतील रचनेसाठी उट्झॉन यांना प्लायवूडचे मोठे घटक वापरायचे होते आणि त्यांचे नमुने तयार करण्यासाठी पैसे हवे होते. ते मिळाले नाहीत. प्लायवूडच्या या योजनेविषयी अरूप यांच्या संस्थेने व्यक्त केलेल्या शंका मंत्र्यांच्या हाती पडल्या आणि त्यांचे काम सोपे झाले. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उट्झॉन बाहेर पडले. त्यांना परत बोलवावे यासाठी सिडनीच्या रस्त्यांवर मोर्चा निघाला. सल्लागार संस्था मात्र कामावर राहिली.

उट्झॉन यांना हा विश्वासघात वाटला. तो तसा होता काय? करार पाहिला तर अरूप यांना दोष देता येत नाही. ज्याने नेमले, त्याला प्रामाणिक तांत्रिक मत देणे हे त्यांचे कर्तव्य होते, आणि अर्धवट छपरे सोडून जाणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. परंतु कराराच्या पलीकडे त्या कामाचा प्राण एका व्यक्तीच्या कल्पनेत होता आणि नऊ वर्षे सर्वांनी तीच कल्पना साकार करण्याची भाषा केली होती. सल्लागाराची निष्ठा कल्पनेशी की ग्राहकाशी, हा प्रश्न १९५७ मध्येच विचारायला हवा होता. तो १९६६ मध्ये विचारला गेला आणि तेव्हा त्याचे एकच उत्तर शक्य उरले होते. योगायोग असा की त्याच १९६६ साली ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या रॉयल इन्स्टिट्यूटने आपले सुवर्णपदक ओव्ह अरूप या अभियंत्याला दिले.

वास्तू पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. २० ऑक्टोबर १९७३ रोजी तिचे उद्घाटन झाले. खर्चाचा मूळ अंदाज ७० लाख डॉलरचा होता, प्रत्यक्षात १० कोटी २० लाख लागले. मुख्य सभागृहाचा हेतूच मध्यंतरी बदलला गेला आणि आधी बसविलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकावी लागली. आज बाहेरून जे दिसते ते उट्झॉन आणि अरूप यांचे, आतले बरेचसे इतरांचे आहे. १९९९ मध्ये ऑपेरा हाउसने उट्झॉन यांच्याशी पुन्हा संबंध जोडला. २००३ मध्ये त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले, २००७ मध्ये वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली. २००८ मध्ये ते वारले. पूर्ण झालेली आपली वास्तू त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही.

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती १९६७ मध्ये, म्हणजे उट्झॉन सिडनी सोडून गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी. कर्ता नाहीसा झाल्याने अर्थ मुक्त होतो, असे त्या निबंधानंतर आपण वर्गात शिकवीत आलो. सिडनीचा इतिहास त्याला एक सावध पुरवणी जोडतो. कर्ता निघून गेला की केवळ अर्थ मोकळा होत नाही, तर उरलेल्या कामाची जबाबदारीही कोणावर तरी येऊन पडते. ती ज्यांनी उचलली त्यांची नावे आपण सहसा घेत नाही. उपेक्षित कलावंताची कथा आम्हांला अपुरी वाटते, ती याच कारणासाठी.