बेसाल्ट व डोलेराइट
एकाच प्रकारच्या शिलारसापासून बनणारे दोन काळसर अग्निज खडक. रासायनिक व खनिज घटकांत (मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरोक्सीन) त्यांच्यात फारसा फरक नसतो. फरक असतो तो थंड होण्याच्या जागेचा व वेगाचा. भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा झपाट्याने निवून सूक्ष्मकणी बेसाल्ट तयार होतो. त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. वायू निसटल्याने उरलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, क्वार्ट्‌झ अशी खनिजे भरतात. शिलारस भेगांत अडकून भूपृष्ठाखाली सावकाश निवला, तर मध्यमकणी डोलेराइट बनतो.

नाशिक जिल्ह्यातील नामपूर (ता. बागलाण) हे मोसम नदीकाठचे गाव बेसाल्टने बनलेल्या दख्खनच्या लाव्हाप्रदेशात येते. हा प्रदेश सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी घडला. याच तालुक्यातील साल्हेर (1,567 मी.) या डोंगरी किल्ल्यावर लाव्हाचे थरावर थर रचलेले दिसतात. उत्तरेकडे धुळे–नंदुरबार भागात डोलेराइटच्या असंख्य भित्ती (डाइक) लाव्हाथरांना छेदून गेल्या आहेत. भोवतालचा खडक झिजला की त्या लांबट, सरळ कण्यांसारख्या उभ्या राहतात.

केवळ काळ्या रंगावरून या खडकांची ओळख पटवणे फसवे ठरते. जाड लाव्हाथराच्या मध्यभागी बेसाल्टही भरड असू शकतो, तर अरुंद भित्तीच्या कडेला डोलेराइट सूक्ष्मकणी असतो. म्हणून कणांइतकेच खडकाच्या आकाराला व स्थितीला महत्त्व द्यावे.