भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी : प्रशिक्षण
कर्णबधिर आणि ऐकू येणाऱ्या व्यक्तींमधील संवाद दोन्ही बाजूंनी पोहोचवणाऱ्या दुभाष्याचे व्यावसायिक शिक्षण. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात (स्थापना २०१५) आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चालतो. नवख्याची खरी कसोटी हातांपेक्षा चेहऱ्याची. ‘काय’, ‘कुठे’ यांच्या खुणा सहसा वाक्याच्या शेवटी येतात. ‘हो-नाही’ उत्तराचा प्रश्न मात्र बहुधा भुवया आणि मान यांवरूनच ओळखायचा असतो. त्यामुळे कर्णबधिरांच्या सहवासाशिवाय ही भाषा पक्की होत नाही. गोपनीयता पाळणे, पदरचे काही न घालणे हेही शिकवले जाते. न्यायालयात वा रुग्णालयात घरच्या माणसावर भिस्त न ठेवता प्रशिक्षित दुभाषीच बोलवावा.