न विचारता जपलेली कविता

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने काही ना काही गमावले. कुणाचे धान्य गेले, कुणाची शिलाई मशीन गेली. माझी एक पत्र्याची पेटी गेली. म्हणजे पेटी राहिली, आतले कागद गेले. पाणी ओसरल्यावर झाकण उघडले, तर वह्यांचा नुसता लगदा झालेला. त्यात अम्मीवर लिहिलेली एक कविता होती. ती मी कुठल्याच संग्रहात घेतली नव्हती. २००४ साली एका मराठी संकेतस्थळाला दिली होती आणि ते संकेतस्थळ पुढे पाच-सहा वर्षांत बंद पडले. आपली कविता कवीला पाठ नसते का, असे लोक विचारतात. पहिले कडवे होते पाठ. बाकीचे पाण्याबरोबर गेले, असे मी धरून चाललो.

गेल्या वर्षी ईदला माझा भाचा पुण्याहून आला होता. तो संगणकाच्या कामात आहे. जेवताना त्या पेटीचा विषय निघाला. त्याने विचारले, "मामू, त्या वेबसाइटचा पत्ता आठवतो का तुम्हाला?" पत्ता आठवत होता. त्या काळी कौतुकाने किती जणांना सांगितला होता! रात्री तो लॅपटॉप घेऊन बसला आणि सकाळी त्याने मला एक पान दाखवले. पानावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी. "ही तुमची कविता," तो म्हणाला. मी म्हटले, "बाळा, सकाळी सकाळी थट्टा नको." मग त्याने ती खिचडी आणखी एका प्रोग्रॅममधून काढली आणि पडद्यावर देवनागरी उमटली. रफार भलत्याच अक्षरावर बसलेला, जोडाक्षरे मोडलेली. पण चूल होती, राखेत भाजलेला कांदा होता, अम्मी होती.

डोळे पुसून झाल्यावर मनात दोन प्रश्न आले. पहिला, हे जपले कुणी? आणि दुसरा, मला न विचारता? श्रोतेहो, आजचे बोलणे या दोन प्रश्नांविषयी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. महाजालाचे तंत्र कुणालाही मोफत वापरता येईल, असे जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीमधल्या मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याने 'वाँडरर', म्हणजे भटक्या, नावाचा प्रोग्रॅम लिहिला. एका पानावर जायचे, तिथले दुवे पाहायचे, त्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जायचे. महाजाल केवढे आहे ते मोजावे, एवढाच हेतू. अशा प्रोग्रॅमना पुढे 'क्रॉलर' म्हणू लागले. क्रॉल म्हणजे रांगणे. रांगते मूल जसे घरातली प्रत्येक वस्तू हाताळते, तसेच यांचे चालायचे. त्यांच्या येण्याजाण्याने लहान संगणकांवर ताण पडू लागला, तेव्हा १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी एक साधा उपाय सुचवला. प्रत्येक संकेतस्थळाने दारावर एक पाटी लावावी आणि कुणी आत यावे, कुठवर यावे, ते त्या पाटीवर लिहावे. हा कायदा नव्हता, शिष्टाचार होता. पुढची सगळी भांडणे या पाटीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती लक्षात ठेवायची.

१९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'इंटरनेट आर्काइव्ह' सुरू केले आणि मिटून जाणारी पाने साठवायला घेतली. २००१ पासून त्यांच्या 'वेबॅक मशीन'मुळे जुने पान कुणालाही पाहता येऊ लागले. ही सोय वाचनालयासारखी होती. एकेक पान मागावे, वाचावे, परत जावे. सगळा साठा गाडीत भरून घरी नेण्याची सोय ती नव्हती. ज्याला भाषेचा अभ्यास करायचा आहे, भाषांतराचे यंत्र बनवायचे आहे, नवा शोधक तयार करायचा आहे, त्याला मात्र गाडीभर पानेच लागतात. एवढी पाने गूगलसारख्या मोठ्या कंपन्यांकडेच होती, तीही त्यांच्या कुलूपबंद गोदामात.

विद्यापीठांनी आपल्या परीने प्रयत्न केले. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २००९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शंभर कोटींहून अधिक पाने गोळा केली. 'क्लूवेब' हे त्या साठ्याचे नाव. करारपत्रावर सही घेऊन, हार्ड डिस्कवर भरून तो संशोधकांना दिला जाई. त्यात दहा भाषा होत्या: इंग्रजी, चिनी, स्पॅनिश, जपानी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, अरबी, इटालियन आणि कोरियन. भारतातली एकही भाषा नव्हती. यात कुणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. मोजणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले ते त्याने मोजले.

माझी कविता ज्या साठ्यात सापडली तो वेगळा. गिल एल्बाझ नावाच्या उद्योजकाने आपली कंपनी २००३ मध्ये गूगलला विकली आणि काही वर्षे तिथे कामही केले. महाजालाची एवढी मोठी प्रत एकाच कंपनीच्या हाती असली, तर नव्या माणसाला उभे राहता येणार नाही, हे त्याने आतून पाहिले होते. २००७ मध्ये त्याने 'कॉमन क्रॉल' ही ना-नफा संस्था स्थापन केली. कॉमन म्हणजे सामाईक, गावच्या गायरानासारखे. संस्थेचा क्रॉलर पाने गोळा करतो आणि ती जगात कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ना करारपत्र, ना शिफारसपत्र. २०१२ पासून हा साठा ॲमेझॉनच्या खुल्या माहितीच्या योजनेत ठेवला गेला. आज एकेका फेरीत दोनशे ते तीनशे कोटी पाने जमा होतात.

या साठ्याला तीन थर आहेत. पहिल्यात पान जसेच्या तसे ठेवलेले असते, दुसऱ्यात पानाविषयीची माहिती आणि तिसऱ्यात नुसता मजकूर. भाच्याला माझी कविता जसेच्या तसे ठेवलेल्या पानांत मिळाली. तिची खिचडी का झाली होती, हे आमच्या पिढीतल्या लेखकांना वेगळे सांगायला नको. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली होती. पण पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्याकडे ज्याचा त्याचा फाँट निराळा होता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवायची, असे ते तंत्र. तो फाँट संगणकात असला तर मराठी दिसायचे, नसला तर खिचडी. त्या काळातल्या कितीतरी मराठी संकेतस्थळांची गत अशीच होती. कथा, अग्रलेख, मृत्युलेख, कविता, सगळे महाजालावर होते आणि यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच.

२०१८ पासून कॉमन क्रॉल प्रत्येक पानाची भाषा ओळखून तशी नोंद करते. त्या नोंदींत इंग्रजीचा वाटा चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात असतो. मराठीचा वाटा एका टक्क्याचा दहावा भागही भरत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. एवढी माणसे, एवढी जुनी भाषा, आणि सामाईक कोठारात आपले धान्य चिमूटभर. त्यातही माझ्या पानासारखी पाने मोजलीच जात नाहीत.

तरी या चिमटीवरही काम झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी कॉमन क्रॉल आणि विकिपीडिया यांच्या मजकुरावरून १५७ भाषांतल्या शब्दांचे नाते गणितात मांडले आणि ते सर्वांना खुले केले. 'भाकरी' हा शब्द 'चटणी'च्या जवळचा की 'विमाना'च्या, हे यंत्राला त्यातून कळते. त्या १५७ भाषांत मराठी होती. 'क्लूवेब'च्या दहा भाषांपासून इथवर यायला नऊ वर्षे लागली. आणि २०२२ मध्ये पुण्यातल्या 'एल थ्री क्यूब' या गटाने बातम्या आणि इतर मराठी लेखन गोळा करून मराठी वाक्यांचा स्वतंत्र साठा तयार केला व खुला केला. आपले धान्य आपण भरायचे म्हणजे काय, ते या मुलांनी दाखवले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मला न विचारता?

बरीच वर्षे हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही, कारण कोठारातून धान्य नेणारे बहुतेक अभ्यासक होते. २०२० मध्ये 'जीपीटी-३' हे भाषेचे यंत्र आले. त्याला शिकवण्यासाठी जे मजकुराचे मिश्रण केले होते, त्यात साठ टक्के वाटा कॉमन क्रॉलचा होता. गूगलशी बरोबरी करता यावी म्हणून लहानांसाठी उघडलेल्या दारातून मोठ्यांच्याही गाड्या भरून जाऊ लागल्या. दार सर्वांना उघडे म्हणजे सर्वांनाच उघडे.

मग भांडणे सुरू झाली. जर्मनीतल्या 'लायन' या संस्थेने कॉमन क्रॉलमधून चित्रांचे दुवे आणि त्यांखालची वर्णने वेचून २०२२ मध्ये पाचशे कोटींहून मोठी यादी खुली केली. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की, त्या यादीत मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचे दुवेही आहेत. यादी मागे घ्यावी लागली आणि ती साफ करून २०२४ मध्ये पुन्हा दिली गेली. मधल्या काळात तिच्या प्रती कुठे कुठे पोचल्या असतील, त्या कोण परत आणणार? आपले छायाचित्र न विचारता घेतले म्हणून एका छायाचित्रकाराने याच संस्थेवर दावा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये हॅम्बर्गच्या न्यायालयाने संशोधनासाठीची सवलत मान्य करून तो फेटाळला. डिसेंबर २०२३ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यावर दावा लावला, त्यातही कॉमन क्रॉलचा उल्लेख आहे. अनेक वृत्तपत्रांनी आपल्या दारावरच्या पाटीवर कॉमन क्रॉलचे नाव घालून 'आत येऊ नये' असे लिहिले. तीस वर्षांपूर्वीचा शिष्टाचार अचानक कुंपण झाला.

कवी म्हणून मला त्यांची बाजू समजते. शब्द माझा, घाम माझा, आणि त्यावर शिकलेले यंत्र विकणारा तिसराच. विचारायला हवे होते, नाव ठेवायला हवे होते, पैसा मिळत असेल तर वाटाही द्यायला हवा होता. पण माझ्या प्रकरणात मी थबकतो. माझ्या कवितेसाठी कुणी परवानगी मागायची म्हटली असती, तर मागणार कुणाकडे? संकेतस्थळ बंद, चालक कुठे गेले ठाऊक नाही, माझा पत्ता कुणाकडे नाही. विचारल्याशिवाय काहीच जपायचे नाही, असा नियम असता तर अम्मी दुसऱ्यांदा गेली असती. आणि त्या साठ्यातून फक्त शुद्ध मराठीच ठेवायची, असे ठरले असते तरी ती खिचडी कचरा म्हणून फेकली गेली असती.

म्हणून माझे मत असे की, कोठार उघडे राहावे. ते बंद केल्याने मोठ्या कंपन्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांचे स्वतःचे क्रॉलर आहेत, करार करायला पैसा आहे. अडतो तो माझ्या भाच्यासारखा मुलगा, अडते ती जिच्याकडे पैसा नाही अशी भाषा. मात्र उघड्या कोठारालाही नियम हवेत. दारावरची पाटी पाळली जावी. ज्याला आपले लेखन काढून घ्यायचे आहे, त्याला ते काढता यावे. आणि नफा मिळवणाऱ्याने धान्य कुणाच्या शेतातले, ते सांगावे. हे नियम ठरतील तेव्हा आपलीही माणसे तिथे बसलेली असावीत. आज चिमूटभर धान्यावर आपला आवाज कितीसा चालणार? ज्यांच्या पेट्यांत अजून वह्या आहेत, त्यांनी त्या युनिकोडमध्ये उतरवाव्यात, आपल्या नावानिशी, आपल्या इच्छेने. पूर कुणाला विचारून येत नाही.

राहता राहिली कविता. सगळी जोडाक्षरे मी बसवत गेलो, पण शेवटच्या कडव्यातला एक शब्द काही केल्या जुळेना. 'कु' होता, 'रा' होता, मधले जोडाक्षर गळून गेले होते. आपाला, म्हणजे भाच्याच्या आईला, फोन लावून ती ओळ वाचून दाखवली. ती एका दमात म्हणाली, "कुस्करा रे, शिळ्या भाकरीचा. विसरलास?"

कविता मी नव्याने टंकली. खाली माझे नाव घातले आणि एक ओळ लिहिली: ज्याला हवी त्याने न्यावी, नाव मात्र राहू द्यावे. या वेळी मी विचारण्याआधीच सांगून ठेवले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)