कोबा ठोकून घ्यावा!

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघराची जुनी फरशी उखडून खालच्या काँक्रीटवर नवा कोबा घातला. इंग्लंडात त्याला 'स्क्रीड' म्हणतात. गवंडी गेल्यावर पाहिलं तर जमीन आरशासारखी सपाट! दोन मीटरची पट्टी फिरवली, कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट नाही. सौ. म्हणाली, "झालं ना आता? द्या त्याचे पैसे." पण दाराजवळ टाचेने ठोकल्यावर आवाज बद्द येत होता, आणि माझ्यातला इंजिनियर काही गप्प बसेना.

कोबा वरून पाहून कळत नाही, हे दुखणं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियस या रोमन स्थपतीने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागाची सुरुवातच जमिनीपासून केली. खाली मुठीएवढे दगड, त्यावर तीन भाग खडी नि एक भाग चुना, आणि हा थर माणसांच्या टोळ्या लावून लाकडी धुमसांनी ठोकायचा. ठोकून झाल्यावर जाडी पाऊण फुटापेक्षा कमी भरता कामा नये. त्यावर तीन भाग कौलांचा चुरा नि एक भाग चुना, सहा बोटं जाड. मग फरशी.

वाचताना मला आजोळच्या वाड्याची गच्ची आठवली. चुना, विटांचा चुरा, गूळ-हिरड्याचं पाणी, आणि ओळीने बसून दिवसचे दिवस लाकडी थापीने कोबा ठोकणाऱ्या बायका. रोम कुठे नि आमचं आजोळ कुठे! पण युक्ती तीच. तिथे तपासणी वेगळी नव्हतीच. ठोकणं हीच तपासणी.

पायाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते इथल्या ससेक्समधल्या फिशबोर्नच्या रोमन राजवाड्यात दिसतं. १९६० मध्ये पाण्याच्या नळासाठी चर खणताना तो सापडला. डॉल्फिनवर बसलेल्या मुलाचं तिथलं मोझेक अप्रतिम आहे, पण जमीन लाटांसारखी वरखाली झाली आहे. खालचा जुना भराव खचला, मोझेकही त्याच्यामागे गेलं.

मग १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि पुढे चुन्याची जागा सिमेंटने घेतली. आता इथे एक भाग सिमेंटला तीन-चार भाग वाळू, आणि पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. पाणी कमी म्हणजे भेगा कमी. मात्र असा माल ठोकला नाही तर वर लोखंडी थापीने गुळगुळीत होतो आणि खाली भुसभुशीतच राहतो. ठोकणारे हात मजुरीपायी गेले, गुळगुळीतपणा तेवढा राहिला!

म्हणून वॉटफर्डजवळच्या सरकारी बांधकाम संशोधन केंद्राने १९७० च्या दशकात एक साधं उपकरण काढलं. ४ किलोचं वजन एक मीटरवरून एकाच जागी चार वेळा सोडायचं आणि खळगा मोजायचा. तो ३ मिमीच्या आत असला तर 'अ' वर्ग, ४ पर्यंत 'ब', ५ पर्यंत 'क'. घराला 'क' पुरतो.

दोन आठवडे थांबून मी ते भाड्याने आणलं. खिडकीपाशी ३, मध्यभागी ४, आणि दाराजवळ तब्बल ११ मिमी! गवंड्याला दाखवलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "शेवटचा घमेला, पाऊस आला होता." वाद झाला नाही. चौरस मीटरभर उखडलं, पुन्हा घातलं, आणि या वेळी तो दर थर ठोकत होता. मी मुकाट्याने चहा दिला.

आता वाळायचं. दिवसाला एक मिमी असा इथला हिशोब, म्हणजे ५० मिमीला जवळपास दोन महिने, तेही हवा चांगली असली तर. तोवर स्वयंपाक बाहेरच्या खोलीत. सौ. रोज कॅलेंडर दाखवते.

तुमच्याकडे काम चालू असेल, तर फरशी बसण्याआधी एकदा हातोडीने ठोकून ऐका. फरशीखाली गेलेला कोबा मग कुणालाच दिसत नाही.