कुलकर्ण्यांचा बोरू



सत्तेचाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही. वैद्यांनी मोठ्याने बोलू नका असे बजावले आहे, म्हणून ही सेवा कागदावर. समोर टाळकरी नाहीत, पखवाजाचा ठेका नाही, पुढचे वाक्य सुचेपर्यंत चाल लांबवायची सोयही नाही. सांभाळून घ्या.

आज सांगायचे आहे ते महिपतीबुवा ताहराबादकरांविषयी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी 'भक्तविजय' आहे. लाल फडक्यात बांधलेला, आजीच्या हातचा हळदीचा डाग असलेला. चातुर्मासात त्याचा अध्याय ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. आम्हा कीर्तनकारांची तर अर्धी शिदोरी त्याच गाठोड्यातली. गोरोबांचे मडके थापटणे असो की जनाबाईचे जाते, आम्ही सांगतो ते पुष्कळसे महिपतींच्या मुखाने. पण ज्याने हे सगळे मांडून ठेवले, त्याच्याविषयी आपण किती बोलतो? मी तरी फार वर्षे एकच गोष्ट बोलत होतो, आणि तीही चुकीची.

महिपतींचा जन्म १७१५ सालचा. गाव ताहराबाद; बागलाणातले नव्हे, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातले. तुकोबांच्या वैकुंठगमनाला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. वडील दादोपंत पंढरीचे वारकरी. मूल झाले तेव्हा ते उतारवयात होते. घरात गावचे कुलकर्णपण होते, ते मुलाकडे आले.

कुलकर्णपण म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांसाठी सांगतो. पाटील गावचा कारभार पाही, कुलकर्णी तो लिही. कोणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, कोणत्या बलुतेदाराचा हक्क काय, हे सगळे मोडी अक्षरात, बोरूने, काजळाच्या शाईने उतरायचे. कागदांचे रुमाल बांधून ठेवायचे. वरून बोलावणे आले की रुमाल काखेला मारून हजर व्हायचे. माणसाचे नाव आले की बापाचे नाव आले, गाव आले, जात आली, धंदा आला. त्यावाचून नोंद पुरी होत नसे.

आता ती गोष्ट. महिपती एके दिवशी देवपूजेला बसले होते. जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. 'पूजा आटोपून येतो' म्हटले तर तो ऐकेना, वेडेवाकडे बोलला. पुढचे मी कीर्तनात असे सांगत असे: महिपती ताडकन उठले, बोरू शिपायाच्या पुढ्यात मोडून टाकला आणि म्हणाले, जा, सांग तुझ्या धन्याला! इथे पखवाजावर थाप पडायची, टाळ्या व्हायच्या. लोकांना राग आवडतो, संतांचा राग तर फारच आवडतो.

परंपरेत ती गोष्ट अशी नाही. महिपती उठले आणि कचेरीत गेले. जे काम होते ते पुरे केले. मग घरी आले, बोरू देवापुढे ठेवला आणि आण घेतली की यापुढे ही लेखणी संतांवाचून दुसऱ्या कोणासाठी चालणार नाही. बोरू मोडला नाही. शिपायाला शापही दिला नाही. बोरू तोच राहिला, धनी बदलला. एवढा फरक मला दिसायला वयाची सत्तेचाळीस वर्षे जावी लागली. कसा दिसला ते पुढे सांगतो.

'भक्तविजय' पुरा झाला शके १६८४, चित्रभानू संवत्सरी, म्हणजे १७६२ साली. महिपतींचे वय तेव्हा सत्तेचाळीस. सत्तावन्न अध्यायांचा ग्रंथ. आता साल नीट पाहा. १७६१ च्या संक्रांतीला पानिपत झाले होते. घरोघरची माणसे गेली होती. नगरचा किल्ला १७५९ साली पेशव्यांकडे आला होता, पण निजामाशी झुंज चालूच होती, आणि त्या धुमश्चक्रीचा मुलूख ताहराबादहून दूर नव्हे. अशा दिवसांत एक कुलकर्णी, ज्याला कोणाचे किती लुटले गेले याची यादी उत्तम करता आली असती, तो जयदेवाची, कबीराची, नरसी मेहत्यांची, मीराबाईची, सेना न्हाव्याची चरित्रे ओवीत उतरवत बसला होता. कोणी म्हणेल, जगाकडे पाठ फिरवली. मला तसे वाटत नाही. मेलेल्यांची मोजदाद करणारे तेव्हा पुष्कळ असतील. कोण कसे जगले, हे त्या घरांना कोणीतरी सांगायला हवे होते.

ग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात की हे माझ्या मनचे नाही. उत्तरेत नाभाजींनी संतचरित्रे लिहिली, इकडे उद्धवचिद्घनांनी गायिली, त्यांचा आधार घेऊन लिहितो आहे. हिशेबनीसाची सवय बघा: नोंद कोणाच्या सांगण्यावरून केली ते आधी लिहायचे. पुढे इतिहास संशोधकांनी तक्रार केली की महिपतींच्या ग्रंथात सनावळीचा मेळ लागत नाही, वेगवेगळ्या काळांतले संत एकमेकांना भेटतात. तक्रार खरी आहे. सनावळीसाठी 'भक्तविजय' उघडू नये. पण गाव, आईबाप, जात, धंदा यांवाचून महिपती सहसा कोणा संताला पुढे सरकू देत नाहीत, हेही तितकेच खरे.

माझ्या मनात एक गोष्ट घर करून आहे. ज्या रुमालांत त्यांनी तरुणपणी लिहिले, त्यांत कुंभार होता, न्हावी होता, सोनार होता, चांभार होता, महार होता. बलुत्याचा हक्क, देणे-घेणे, बाकी यांच्या निमित्ताने. पुढे त्याच हाताने त्यांनी गोरोबा लिहिले, सेनामहाराज लिहिले, नरहरी लिहिले, रोहिदास आणि चोखोबा लिहिले. तीच नावे, तेच धंदे. एका यादीत ती माणसे गावची देणेकरी होती, दुसरीत गाव त्यांचे देणेकरी झाले. हे करताना त्या कुलकर्ण्याच्या मनात काय झाले असेल? गावच्या कुंभाराकडे दुसऱ्या दिवशी त्याने कसे पाहिले असेल? त्यांनी स्वतःविषयी फार थोडे लिहिले, त्यामुळे आपण अंदाजच करायचा.

लिहिणे घरी बसून होते, पण ते वारी करणारे होते. वडिलांची पंढरी त्यांनीही धरली. ताहराबादहून पंढरी म्हणजे नगरावरून करमाळ्याच्या अंगाने उतरत जायचे आणि शेवटी भीमा ओलांडायची. वाटेत मुक्कामाला जी माणसे भेटतात, ती बोलतात. तुकोबांना जाऊन शंभर-सव्वाशे वर्षे होत आली होती. आजोबांनी सांगितलेले नातवाच्या तोंडी अजून जिवंत असण्याचा तो शेवटचा काळ. १७७४ साली 'भक्तलीलामृत' झाले. त्यात तुकोबांचे चरित्र तब्बल सोळा अध्याय चालते. महिपती तुकोबांना गुरू मानत, स्वप्नात त्यांचा उपदेश झाला अशी त्यांची श्रद्धा होती. पण सोळा अध्याय केवळ स्वप्नावर उभे राहत नाहीत. इंद्रायणीकाठची, देहू-लोहगावची इतकी बारीक हकीकत कोणीतरी बोलल्यावाचून आणि कोणीतरी कान देऊन ऐकल्यावाचून पोथीत येत नाही.

त्यांनीच सांगितलेली नामदेवरायांची कथा इथे आठवते. ज्ञानोबाराय तीर्थयात्रेला बोलावतात आणि नामदेवांना पंढरी सोडवत नाही. देव इथे असताना तिथे कशाला? तरी जावे लागते. गोरोबांनी कच्चे मडके ठरवले तेव्हाही पंढरी सोडून विसोबांकडे औंढ्याला जावे लागले. पुढे ज्ञानोबांच्या समाधीनंतर ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि त्यांची एकसष्ट पदे आज शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आपण जन्मभर 'पंढरीला जातो' म्हणतो. नामदेवरायांना पंढरीहून जावे लागले.

आता माझे. थोडक्यात सांगतो, कारण सांगताना बरे वाटत नाही.

एकविसाव्या वर्षी पहिले कीर्तन केले. तेव्हापासून मी वही ठेवत असे. दरसाल एक. तिथी, गाव, कोणत्या अभंगावर निरूपण, आणि शेवटच्या रकान्यात मिळालेले नारळ, उपरणे, रुपये. कीर्तनाचे मोल घेण्याबद्दल तुकोबांनी काय म्हटले आहे ते तुम्हा सर्वांना पाठ आहे. ते इथे लिहायला हात धजत नाही. प्रपंच होता, मुले शिकत होती, असे मी स्वतःला समजावीत असे.

सत्तेचाळीसाव्या वर्षी पावसाळ्यात घर गळले आणि वह्यांची पेटी भिजली. सव्वीस वह्या ओसरीवर वाळत घातल्या. एकेक उलटत असता एका पानावर थांबलो. वैशाख वद्य नवमी. मराठवाड्यातले एक गाव, सप्ताहाचे पाचवे कीर्तन. महिपतींचेच आख्यान, बोरू मोडल्याचे. रुपये १५१, नारळ, उपरणे. त्या रात्री माझे वडील गेले होते. निरोप दोन दिवसांनी पोचला, मी गावी गेलो तो तिसऱ्या दिवशीची राख सावडून झाली होती. हे सगळे मला आठवत होतेच. पण वहीत पुढची नोंद थेट ज्येष्ठातल्या एका काल्याच्या कीर्तनाची होती. मधे काही नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे गावच्या मंदिरात वीणा उभी धरली, ज्याने माझ्या हातात पहिला टाळ दिला, त्याचे नाव सव्वीस वह्यांत कुठेच नव्हते. शेवटच्या रकान्यात त्याच्यासाठी जागा नव्हती.

त्या वर्षी आषाढीला मी एकही तारीख घेतली नाही. ओळखीच्या फडाची दिंडी टाळून अनोळखी दिंडीत शेवटच्या रांगेत चाललो. कीर्तनाला मागे बसलो. दोन दिवस बोलण्यावाचून जीव कासावीस झाला, तिसऱ्या दिवसापासून ऐकू येऊ लागले. रात्री मुक्कामावर कंदिलाशी बसून शेजारी चाललेल्या माणसाची नोंद करू लागलो: नाव, बापाचे नाव, गाव, धंदा, कितवी वारी, कोणासाठी. पंढरीला पोचेपर्यंत एकोणीस माणसे झाली. त्यांत एक कुंभार होता. त्याने मला विचारले, बुवा, गोरोबांचे मूल चिखलात गेले ते तुम्ही एवढे रंगवून सांगता, तुमचे कोणी गेले आहे का? मी बुवा आहे हे त्याने बोलण्याच्या ढबीवरून ओळखले होते. मी उत्तर दिले नाही. वहीत त्याचा प्रश्न लिहिला.

परतताना ताहराबादला गेलो. महिपतींच्या समाधीपाशी बसलो. तिथल्याच एका वृद्ध गृहस्थांनी बोरूची गोष्ट मला सांगितली, तुम्हाला वर सांगितली तशी. मी म्हटले, कीर्तनकार तर मोडला म्हणून सांगतात. ते हसले. म्हणाले, मोडला असता तर लिहिले कशाने?

वाचकहो, एवढा साधा विचार सव्वीस वर्षांत माझ्या मनात आला नव्हता.

त्यानंतर एकवीस वर्षे कीर्तने केली, गळा होता तोवर. ती गोष्ट दुरुस्त करून सांगू लागलो. टाळ्या कमी पडू लागल्या, हे प्रांजळपणे सांगतो. वह्यांतला शेवटचा रकाना बंद केला असे म्हणणार नाही. पाकीट पुढे आले तर नाकारण्याचे बळ मला कधी आले नाही. फक्त त्याआधी एक नवा रकाना आखला, त्या गावी ज्याच्या घरी उतरलो त्याच्या नावाचा.

महिपती १७९० साली गेले, पंचाहत्तर वर्षांचे होऊन. 'संतविजय' तेव्हा अपुरा होता. आज माझे चौऱ्याहत्तरावे चालू आहे, आणि गेले वर्षभर त्या एकोणीस माणसांचे सविस्तर लिहितो आहे. अकरा झाली. कुंभाराचे अजून बाकी आहे.

वैशाख वद्य नवमीचे ते पान ताहराबादहून आल्यावर काढले होते. शाई फुटली होती, पण मधल्या कोऱ्या जागेत लिहिता येत होते. वडिलांचे नाव लिहिले, आजोबांचे लिहिले. गाव लिहिले. धंदा, शेती. सेवा, वीणा. वारी, एकतीस. खाली १५१ चा आकडा होता, तो तसाच राहू दिला.