परतीचे पत्ते

प्रोग्रॅम कोलमडला की पडद्यावर फंक्शनांची नावं आणि ओळींचे क्रमांक एकाखाली एक उमटतात. हा स्टॅक ट्रेस मुद्दाम दोष शोधण्यासाठीच घडवला असावा, असं वाटतं. पण त्याचा कच्चा माल वेगळ्याच गरजेतून आला. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, तर काम संपल्यावर परत कुठे यायचं, हे यंत्राला लिहून ठेवावं लागतं. ते परतीचे पत्ते क्रमाने वाचले की आपण इथवर कुठून आलो ते कळतं.

केंब्रिजच्या एडसॅकवर, म्हणजे १९४९ साली चालू झालेल्या संगणकावर, हे पत्ते एका जागी नव्हतेच. डेव्हिड व्हीलर यांच्या युक्तीनुसार प्रत्येक सबरूटीन परतीचा पत्ता स्वतःच्याच शेवटच्या सूचनेत भरून घ्यायचं. त्याने स्वतःलाच पुन्हा बोलावलं तर पहिला पत्ता पुसला जाई. प्रोग्रॅम अडकला की स्मृतीतला मजकूर छापून काढणारी रूटीनं तिथे होती; त्यांना पोस्टमॉर्टेम म्हणत. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली एडसॅकवरच्या चुकांच्या निदानावर शोधनिबंधच लिहिला. पुढे मोठ्या यंत्रांवर कोअर डंप, म्हणजे स्मृतीतल्या आकड्यांचे छापील गठ्ठे, आले. त्या आकड्यांत उत्तर असायचं, पण ते माणसाला बोट ठेवून शोधावं लागे.

पत्ते एकावर एक रचून ठेवण्याची कल्पना ॲलन ट्युरिंग यांच्या १९४५च्या अखेरीस लिहिलेल्या एसीई यंत्राच्या आराखड्यात आहे. १९५७मध्ये म्युनिकच्या बाउअर आणि सामेल्सोन यांनी स्टॅकच्या तत्त्वावर पेटंटसाठी अर्ज केला. अल्गॉल ६० या भाषेत फंक्शनाला स्वतःलाच बोलावण्याची मुभा मिळाली आणि स्टॅकवाचून चालेना. त्याच सुमारास लिस्प भाषेचे लोक स्टॅकचा दुसरा उपयोग ओळखून होते. लिस्प १.५ च्या १९६२च्या पुस्तिकेत बॅकट्रेसचं वर्णन आहे: चूक झाली तेव्हा सुरू होऊन अपुरी राहिलेल्या फंक्शनांची यादी. मला हा या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. यंत्राने स्वतःसाठी ठेवलेली नोंद इथे माणसासाठी छापली गेली.

नंतर चूक स्वतःच एक वस्तू झाली. १९९६च्या जावामध्ये एक्सेप्शन जन्मतानाच स्टॅकची नोंद घेतं. पायथनमध्ये ते वर चढत जाताना वाटेतला एकेक टप्पा ट्रेसबॅकला जोडला जातो. म्हणून चूक पकडेपर्यंत पत्ते पुसले गेले तरी माग शिल्लक राहतो.

२००९ साली गूगलमधून बाहेर पडलेल्या गो भाषेने ही वाट सोडली. तिथे पॅनिक झालं, म्हणजे प्रोग्रॅमच कोलमडला, तर पूर्ण ट्रेस मिळतो, पण नेहमीची एरर हे फंक्शनाने परत केलेलं साधं मूल्य असतं. तिच्याकडून फक्त मजकुराची अपेक्षा. ती चार फंक्शनं ओलांडून वर येते, तोवर खालचा स्टॅक नाहीसा झालेला असतो आणि हाती कधी कधी उरतं एवढंच: ‘अशी फाइल नाही’. कुठली फाइल, कुणी मागितली? प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रॅमरने आपल्या हाताने संदर्भ जोडावा, ही भाषेची अपेक्षा. असा संदर्भ ट्रेसपेक्षा बोलका असतो, हे खरंच. पण हात विसरतो.

ही उणीव डेव्ह चेनी यांच्या एरर्स पॅकेजने भरून काढली. एरर तयार करताना किंवा गुंडाळताना ते स्टॅक टिपून ठेवी, आणि असंख्य प्रकल्पांनी ते उचललं. गोच्या कर्त्यांनीही २०१९च्या सुरुवातीला प्रस्ताव मांडला: पूर्ण स्टॅक नको, निदान एरर जिथे घडली तेवढी एक जागा नोंदवू. तो भाग घडत्या आवृत्तीत शिरला आणि १.१३ बाहेर पडण्याआधी काढला गेला. एररला एररमध्ये गुंडाळण्याची सोय तेवढी राहिली.

अडचणी खऱ्या होत्या. फाइल संपली हे सांगणारी ईओएफ ही गोमध्ये एररच आहे, पण तो दोष नव्हे; शिवाय ती प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा तयार केली जाते. तिथली जागा नोंदवून काय कळणार? आणि नोंदीचा खर्च प्रत्येक एररला, जिथे कुणी ती वाचणारही नाही तिथेसुद्धा. तरीही एकच मजकूर वीस ठिकाणांहून येऊ शकणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये ती एक जागा फार कामाची ठरली असती, असं मला वाटतं.

झिग या भाषेने २०१८मध्ये प्रश्नच फिरवला. तिथेही एरर हे मूल्यच. पण एरर परत करणारं प्रत्येक ठिकाण वाटेत नोंदलं जातं. म्हणजे प्रोग्रॅम चुकीपर्यंत कसा पोचला याऐवजी चूक तिथून वर कशी आली, ते दिसतं. वाटेत एका एररची दुसरी झाली, तर तेही दिसतं. डीबग बिल्डमध्ये ही नोंद आपोआप चालू असते. वेगासाठी बांधलेल्या बिल्डमध्ये ती बंद असते.