समेट

बातम्यांत ‘समेट’ म्हणजे बहुधा कोर्टाबाहेरची तडजोड. मराठी बायबलमध्ये या शब्दाचं वजन निराळं आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मूळ ग्रीक शब्द येतो ‘कातालागे’. त्याच्या पोटात ‘आलोस’, म्हणजे दुसरा. जुना अर्थ अदलाबदल, अगदी नाण्यांचीही. करिंथ तर व्यापाऱ्यांचंच शहर. पुढे वैर देऊन मैत्री घेणं असा अर्थ रुळला. पौलाच्या लेखी इथे पुढाकार दुखावलेल्याचा, म्हणजे देवाचा आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९९६मध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या अध्यक्षतेखाली ‘सत्य आणि समेट आयोगा’च्या सुनावण्या सुरू झाल्या. नावात सत्य आधी! हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मात्र आज समेट ‘घडवून आणला’ जातो, आणि तोही बहुतेक वेळा तिसऱ्याकडून.